लातूरचा फोटो म्हणजे भेगाळलेली जमीन नव्हे

वर्तमानपत्रांनी लातूरचे तीन फोटो पक्के करून ठेवले आहेत. एप्रिल-मे आला की भेगा पडलेली जमीन आणि डोक्यावर घागर घेतलेली बाई. सप्टेंबर सरताना भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या किल्लारीच्या पडक्या भिंती. जूनमध्ये निकाल लागला की पेढा खाणारी लेकरं. तिन्ही खोटे नाहीत. पण या तिघांच्या मधलं लातूर कुणी काढतच नाही. बाजारपेठ, कारखाने, बंधारे, मालधक्का, डाळमिलची पटांगणं, गच्चीगच्चीवरच्या काळ्या टाक्या. माणसाने आपल्या गरजेपोटी जमिनीला जो आकार दिला, तो टिपणं ही फोटोग्राफीची एक स्वतंत्र आणि जुनी वाट आहे. हौशी मंडळींशी या वाटेबद्दल बोलायला लागलं की तेच तेच गैरसमज पुढे येतात, म्हणून ते एकेक करून मांडतो.

गैरसमज : लातुरात फोटो काढण्यासारखं काही नाही

हे बहुतेक वेळा लातूरकरच सांगतात. फोटो काढायचे तर अजिंठ्याला जा, नांदेडला गोदावरीच्या घाटावर जा, फार तर खरोशाच्या लेण्यांपर्यंत जा, असा सल्ला मिळतो. आणि सांगणारा उभा असतो गंज गोलाईत.

गोलाईची मुख्य दुमजली इमारत १९१७ ची. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा आराखडा, मधोमध जगदंबेचं मंदिर, आणि भोवतीने फुटणारे १६ रस्ते. प्रत्येक रस्त्याचा व्यापार वेगळा. कुठे सराफ, कुठे कापड, कुठे भुसार, कुठे गूळ-मिरची, कुठे चपला. निजामाच्या राज्यातल्या एका तालुक्याच्या गावाला बाजारपेठ इतकी आखीवरेखीव का लागली, याचं उत्तर मला त्याआधीच्या एका तारखेत दिसतं. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लातुरापर्यंत आली. अडीच फूट रुंदीची ती चिमुकली गाडी कापूस, गळीत धान्य, डाळी बाहेर नेऊ लागली, आणि सहा वर्षांत गावाच्या मध्यभागी गोलाई उभी राहिली. या दोन गोष्टी सुट्या आहेत असं मला वाटत नाही.

गोलाईचा फोटो म्हटलं की सगळे उंचावरून गोल दाखवायला धावतात. तो फोटो एकदाच काढावा लागतो. खरं काम खाली आहे. एका रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून सकाळी शटर उघडण्याच्या वेळी काढलेला, दुपारी हातगाडे अडकलेले असतानाचा, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर पायरीवर दुसराच धंदा मांडलेला, असे एकाच जागेचे तीन फोटो शेजारी ठेवले की बाजार कसा चालतो ते कळतं. जुन्या दर्शनी भागावर फ्लेक्स आहेत, वायरींचे गुंतवळे आहेत, एसीचे डबे आहेत. ते चुकवून फोटो काढण्याची धडपड करू नका. पाटी कुणाची होती, भाव काय लिहिला होता, मोबाइलच्या दुकानाने कुठल्या जुन्या धंद्याची जागा घेतली, हेच पुढच्या माणसाला बघायचं असणार आहे.

उद्योग भवनाच्या आसपासच्या ट्यूशन एरियाचंही तेच. तिथल्या भिंतींवर गुणवंतांचे चेहरे इमारतीएवढे मोठे असतात आणि खाली मेसचे डबे सायकलींना लटकलेले असतात. परीक्षांच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्या पॅटर्नने गल्ल्यांचं काय केलं, याचे नीट काढलेले फोटो मात्र शोधावे लागतात.

गैरसमज : कारखाने, गोदामं, रस्ते यांचे फोटो काढणं ही पाश्चात्त्यांची टूम

या प्रकाराला नाव मिळालं ते अमेरिकेत, हे बरोबर. १९७५ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये विल्यम जेन्किन्स यांनी ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचं प्रदर्शन भरवलं. दहा फोटोग्राफर होते. त्यांनी डोंगर-धबधबे सोडून नव्या वसाहती, गोदामं, वाहनतळ, मोटेल असे विषय घेतले होते. त्या काळी पुष्कळांना ते फोटो रूक्ष वाटले.

पण त्याच्या पाऊणशे वर्षं आधी, १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या काळात, आपल्याच मराठवाड्यात हे काम झालेलं आहे. हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या नावावर औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळी मदतकामांचे फोटो आहेत. ते सरकारी होते, निजामाचं काम दाखवण्यासाठी काढलेले होते. तरीही दुष्काळ ही आभाळाची करणी असली तरी त्याला तोंड देताना माणूस जमिनीत काहीतरी बांधत-खोदत असतो, हे त्या परंपरेतूनच आपल्याला मिळालेलं आहे. तेव्हा परकेपणाचा प्रश्न उरत नाही.

गैरसमज : दुष्काळ दाखवायचा तर भेगा दाखवा

हा सगळ्यांत खोलवर रुजलेला गैरसमज, आणि सगळ्यांत जास्त नुकसान करणारा.

आपल्या काळ्या जमिनीत फुगणारी-आकसणारी चिकणमाती भरपूर आहे. पाऊस पडला की ती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात वाळली की आकसते आणि फाटते. कधी कधी हात आत जाईल एवढी. हे दरवर्षी होतं. उत्तम पाऊसकाळ झालेल्या वर्षीही मे महिन्यात औसा-निलंग्याच्या शिवारात भेगा असतातच, आणि शेतकरी त्यांना वाईट म्हणत नाही. मृगाचं पहिलं पाणी त्याच भेगांतून खोल उतरतं. म्हणजे काळ्या रानातल्या भेगेचा फोटो फक्त एवढंच सिद्ध करतो की उन्हाळा आहे. दुसऱ्या भेगा असतात धरणाच्या किंवा तलावाच्या तळातल्या गाळाच्या. त्या मात्र काही सांगतात, पण त्यासाठी तो तळ आहे हे फोटोत दिसावं लागतं. मागे उघडी पडलेली पाणीपातळीची पट्टी, बाहेर आलेला मोटारींचा पाइप, उरलेल्या पाण्यापर्यंत ओढत नेलेली चारी, यांतलं काहीतरी चौकटीत हवं.

२०१६ चा दुष्काळ आठवून बघा. तो जमिनीत जितका दिसला, त्याहून जास्त माणसाने तयार केलेल्या वस्तूंत दिसला. केज तालुक्यात धनेगावला असलेलं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूर शहराचं पाणी तुटलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. गल्लीत निळे ड्रम रांगेत उभे राहिले. ड्रमवर नावं रंगवलेली, कुठे साखळीने एकमेकांना बांधलेले. बोअरच्या गाड्या रात्री चालू. आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी ‘जलदूत’ आली. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर.

त्या गाडीचे हजारो फोटो निघाले. बहुतेकांत इंजिन, हार आणि माणसं. पण ती गाडी आली कुठल्या वाटेने हे कुणी दाखवलं? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हा बहुतांशी जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच मार्ग. नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज होण्याचं काम या सगळ्या टप्प्यांवर २०१० च्या आसपास पुरं झालं, म्हणून ५० टाक्यांची गाडी थेट लातुरात येऊ शकली. एकेकाळी ज्या वाटेने इथलं धान्य बाहेर गेलं त्याच वाटेने शंभर वर्षांनी पाणी आत आलं. दुष्काळाबद्दलचा माझ्या लेखी सर्वांत बोलका फोटो या रुळांवर काढता आला असता, आणि त्यात एकही भेग लागली नसती.

आजही पाण्याची गोष्ट सांगायची असेल तर मान वर करा. नव्या घरांच्या गच्चीवर किती टाक्या आहेत ते मोजा. दोन खोल्यांच्या घरावर हजार-हजार लिटरच्या तीन टाक्या दिसतात. २०१६ ने लातूरकरांच्या मनात काय ठेवलंय ते त्या टाक्या सांगतात. पाऊस कितीही झाला तरी त्या खाली उतरत नाहीत.

गैरसमज : हिरवं म्हणजे सुकाळ, आणि कारखान्यावर दिसतो तो सगळा धूर

मांजरा नदीच्या काठाने, विशेषतः साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये उसाची गर्द हिरवी पट्टी दिसते. ड्रोनवाल्यांचा हा आवडता देखावा. पण ती हिरवाई पावसाने दिलेली नसते. ती बंधाऱ्यांच्या, विहिरींच्या, शे-दोनशे फुटांहून खोल गेलेल्या बोअरच्या पाण्याची असते, आणि तिच्या कडेला लगेच करड्या रंगाचं कोरडवाहू रान सुरू होतं. फोटो काढायचा तर ती कड सोडू नका. नुसता हिरवा तुकडा कापून घेतला की फोटो सुंदर होतो आणि माहिती निघून जाते.

कारखान्याचा हंगाम साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटवून सुरू होतो. गव्हाणीत मोळी पडली की पुढचे काही महिने रात्रंदिवस गाळप. वर पांढरा लोट दिसला की बघणारा म्हणतो, केवढं प्रदूषण! आता जरा थांबून लोट कुठून निघतो ते पाहा. स्प्रे पाँडवरून, म्हणजे गरम पाणी कारंज्यांनी उडवून थंड करण्याच्या तळ्यावरून उठतं ती शुद्ध वाफ. चिमणीतून येतं त्यातही वाफ असतेच, कारण बॉयलरमध्ये जळतो तो बगॅस, रस काढून उरलेली चिपाडं, आणि त्यात वजनाच्या जवळजवळ निम्मा ओलावा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. पांढरा लोट थोडं अंतर जाऊन हवेत विरून नाहीसा झाला तर ती वाफ. करडा-तपकिरी पट्टा लांबवर तसाच ओढला गेला, खाली काजळी पडली, तर तो धूर. एक फोटो घेऊन हे कळत नाही. पाच-पाच सेकंदांनी चार फोटो घ्या.

आणि वाफ निघाली म्हणून कारखान्याला निर्दोष ठरवायचं का? उसात वजनाच्या साधारण ७० टक्के पाणीच असतं. टंचाईच्या जिल्ह्यात, डिसेंबरच्या थंड पहाटे कारखान्यावर तो प्रचंड पांढरा ढग उभा राहिलेला बघताना मला प्रत्येक वेळी वाटतं की जमिनीखालचं पाणी एवढं उघड्या डोळ्यांनी दुसरीकडे कुठेच दिसत नाही. धुराचा म्हणून तो फोटो छापला तर खोटा ठरेल. पाण्याचा म्हणून छापला तर तो ऊस आणि पाणी या जिल्ह्यातल्या सगळ्यांत मोठ्या वादाच्या मुळाशी जाईल.

कारखान्याच्या भिंतीबाहेर ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या असतात. पाचट, बांबू, ताडपत्री. चार-पाच महिन्यांचं गाव, हंगाम संपला की जागेवर नुसत्या चुलींच्या काळ्या खुणा. कारखान्याच्या नकाशात हे गाव नसतं, म्हणून तुमच्या फोटोत ते असलं पाहिजे.

गैरसमज : सोनेरी उजेडाशिवाय फोटो नाही

पर्यटनाच्या फोटोला हे ठीक. जर्मनीच्या बेर्न्ड आणि हिल्ला बेशर या जोडप्याने १९५९ पासून पाणटाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो मुद्दाम ढगाळ आभाळाखाली काढले. सावली नाही, नाट्य नाही, फक्त रचना. लातुरात जुलै-ऑगस्टमध्ये तसं आभाळ आठवडा-आठवडा मिळतं आणि नेमका तेव्हाच सगळे कॅमेरे कपाटात असतात. एप्रिलची दुपार मात्र टाळाच. धुळीने लांबचं सगळं पांढुरकं होतं, आणि तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेमुळे लांब लेन्सचा फोटो पाण्याखाली काढल्यासारखा थरथरीत येतो. लेन्स कितीही भारी घ्या, त्याला इलाज नाही. पहिला वळीव पडून गेल्यानंतरची सकाळ धरा.

पण काही ठिकाणी कडक ऊन हाच विषय असतो. डाळमिलचं वाळवणाचं पटांगण घ्या. तुरीचं टरफल सहजी सुटत नाही. म्हणून आधी तूर खरबरीत रोलरमधून काढून टरफलाला ओरखडे पाडतात, मग तेलाचा हात देतात, आणि सिमेंटच्या पटांगणावर उन्हात पसरतात. पाणी शिंपडून, ढीग लावून, पुन्हा पसरून, मग ती फोडायला जाते. मोठ्या मिलांनी आता यांत्रिक ड्रायर बसवलेत, तरी पटांगणं संपलेली नाहीत. अकराच्या उन्हात कामगार लाकडी फावडं ओढत सरळ रेषेत जातो, मागे तुरीत एक लांब चर उमटत जाते, आणि टोकाला वळून तो शेजारची चर धरतो. तासाभरात सगळं पटांगण नांगरल्यासारखं दिसतं. आतल्या खोलीत कडीपाटावर, बल्बवर, मापाड्याच्या वहीवर पिवळी भुकटी बसलेली असते. एका बाजूला डाळ, दुसऱ्या बाजूला चुनी, जी जनावरांच्या दावणीला जाणार. देशभर ज्या डाळीमुळे लातूरचं नाव आहे तिचा हा कारखाना, आणि त्याला मावळतीचा सोनेरी रंग लावायची काही गरज नाही.

गैरसमज : सार्वजनिक जागा आहे, परवानगी कसली? (आणि उलट : सगळ्यालाच बंदी आहे)

दोन्ही टोकं चुकीची. रस्त्यावर उभं राहून इमारतीचा फोटो काढण्याने वास्तुरचनेच्या स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात तशी स्पष्ट सूट आहे. गोलाई काढायला कुणाला विचारायचं नाही. पण रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, मग तुमचा हेतू कितीही कलात्मक असो. हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्यातून पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला बाहेर पडला. मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासातली ती मोठी घटना, पण आत कॅमेरा न्यायचा तर लेखी परवानगी हवी. धरणावर ‘छायाचित्रणास मनाई’ची पाटी असेल तर ती पाळायची. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा, कारण लातूरला विमानतळ आहे आणि त्याच्या आसपासचं आभाळ मोकळं नाही.

कायद्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच असते. अडत्याला वाटतं विक्रीकर-जीएसटीवाला आला, मिलमालकाला वाटतं बालकामगार शोधायला आला, टँकरवाल्याला वाटतं पेपरवाला आला. हमाल सरळ विचारतो, “काय काढायलाव हो, साहेब? आमचा फोटो पेपरात येणार का?” या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं. पुढच्या खेपेला फोटोची प्रत नेऊन द्यावी. ज्याच्या पाठीवर क्विंटलभराचं ओझं आहे त्याचा चेहरा परवानगीशिवाय घेऊ नये, आणि त्याने नको म्हटलं तर पोत्यांची थप्पी, हुक, चहाचा कट्टा एवढंही पुष्कळ सांगतं. माणूस नसलेला फोटो निर्जीव असतो हा आणखी एक फुकटचा समज. पटांगणावर फावड्याची चर दिसली की ओढणारा हात दिसतोच.

गैरसमज : किल्लारी म्हणजे पडक्या भिंती

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. दरवर्षी स्मृतिदिनाला जुन्या गावच्या ढिगाऱ्यावर कॅमेरे पोचतात, तिथे वेड्या बाभळींतून एखादी चौकट शोधतात आणि परततात.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी संपूर्ण वसवली गेली. माणसाने आखलेला एवढा मोठा ग्रामीण प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, आणि त्याचेच फोटो नाहीत. सरकारच्या धोरणानुसार घराचं क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. म्हणजे घरांच्या रांगा बघून गावातली शेती कुणाकडे किती होती हे आजही वाचता येतं. जुन्या गावात वाडे, बोळ, पार, एकमेकांच्या भिंतीला भिंत. नव्यात सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, शहरातल्या कॉलनीसारखी अंतरं. मग तीस वर्षांत लोकांनी त्या रेषा आपल्या परीने वाकवल्या. पुढे पत्र्याचं शेड, मागे गोठा, कोपऱ्यात तुळस, रस्त्यात आलेला ओटा. नव्या पिढीने दगडाला हात न लावता बांधलेला वरचा मजला. शोकाच्या पुढे गेलेलं हे आयुष्य काढायला वर्षातला कुठलाही दिवस चालतो, फक्त ३० सप्टेंबर सोडून. त्या दिवशी माणसं आपल्या माणसांसाठी आलेली असतात.

गैरसमज : फोटो चांगला आला की काम झालं

बार्शी लाइटच्या जमान्यातलं लातूरचं जुनं स्थानक, तिथला धक्का, डब्यांत चढणारी पोती, असे फोटो काही घरांत आहेत. पण मागे काही लिहिलेलं नसल्याने साल कुठलं, माल कुणाचा, मागची इमारत कोणती, हे सांगणारा माणूस गेला की फोटो मुका होतो. मोबाइलमध्ये तारीख आपोआप राहते, बाकीचं बहुतेक राहत नाही, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरला की फोटोबरोबरची तारीखही जाते. मूळ फाइल वेगळी ठेवा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच उंचीवरून पुन्हा फोटो घ्या. गोलाईचा असेल तर सोळांपैकी कुठल्या रस्त्याच्या तोंडून काढला ते लिहा, दुकानाच्या आधीच्या मालकाचा धंदा माहीत असेल तर तोही. धरणाचा असेल तर त्या दिवशीचा पाणीसाठा. कोप्यांचा असेल तर टोळी कुठल्या तालुक्यातून आली. आणि टँकरचा असेल तर तो कुणाच्या दारात रिकामा झाला यापेक्षा आधी, कुठल्या विहिरीवर भरला ते.